नोकरी लागली, पण प्रशिक्षणामुळे का? : सरकारी प्रशिक्षण योजनांच्या मोजमापावरचं एक पुस्तक

कौशल्य विकास, रोजगार, प्रौढांचं प्रशिक्षण यावर पीएच.डी. करायची म्हणणाऱ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं : 'योजनेचं यश लाभार्थ्यांच्या प्लेसमेंटच्या टक्केवारीवरून तपासलं जाईल.' वाक्य सरळ आहे, डेटा मिळण्यासारखा आहे, गाईडही सही करतात. पण ही टक्केवारी मोजतं कोण? ज्या कार्यालयाला तिच्यावर पैसे मिळणार असतात, तेच. म्हणजे संशोधन सुरू व्हायच्या आधीच आपण प्रशासनाची फूटपट्टी उसनी घेतलेली असते, आणि ती किती वाकलेली आहे हे पाहिलेलं नसतं.

ही फूटपट्टी तपासणारं पुस्तक म्हणजे 'द परफॉर्मन्स ऑफ परफॉर्मन्स स्टँडर्ड्स'. अमेरिकेतल्या कॅलामाझू गावच्या अपजॉन इन्स्टिट्यूटने २०११ मध्ये ते काढलं. जेम्स हेकमन, कॅरोलिन हाइनरिक, पास्कल कोर्टी, जेराल्ड मार्श्के आणि जेफ्री स्मिथ हे त्याचे संपादक. हेकमन म्हणजे २००० सालचं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले तेच. पुस्तक सोपं नाही, मधली काही प्रकरणं गणिताने भरलेली आहेत. तरीही या विषयात उतरणाऱ्याने ते वाचावं असं मला वाटतं. आणि वाचताना ते कुठे कमी पडतं याकडेही लक्ष ठेवावं. या पोस्टमध्ये दोन्ही करतो.

आधी पार्श्वभूमी

पुस्तकाचा बहुतेक भाग एका अमेरिकन कायद्याभोवती फिरतो : जॉब ट्रेनिंग पार्टनरशिप अॅक्ट, १९८२. पुढे त्याला जेटीपीए म्हणू. १९७३ पासूनची 'सेटा' ही आधीची योजना मोडीत काढून रेगन सरकारने हा कायदा आणला. पैसा केंद्राचा, नियम ठरवण्याची बरीच मुभा राज्यांना आणि प्रत्यक्ष काम सहाशेहून जास्त स्थानिक विभागांकडे, अशी रचना होती. प्रत्येक विभागात स्थानिक उद्योजकांचा भरणा असलेली एक परिषद होती. वर्गातलं प्रशिक्षण, मालकाकडे पगारी काम करता करता शिकणं, नोकरी शोधायला मदत अशा सेवा गरीब प्रौढांना आणि तरुणांना दिल्या जात.

यात नवीन काय होतं, तर हिशेब विचारायची पद्धत. आधी सरकार विचारायचं, किती लोकांना शिकवलं? आता विचारू लागलं, त्यातल्या किती जणांना काम लागलं, काय मजुरीवर, आणि एका नोकरीमागे किती खर्च आला? प्रत्येक आकड्याला किमान पातळी ठरवली. राज्याला मिळणाऱ्या निधीतले ६ टक्के मुख्यतः बक्षीस म्हणून बाजूला ठेवले, आणि पातळी गाठणाऱ्या विभागांना त्यातला वाटा मिळू लागला. रक्कम लहान वाटेल. पण तिच्या वापरावर बंधनं कमी होती, शिवाय 'आपला विभाग वर आला' हे सांगता येत होतं. अधिकाऱ्यांना दोन्ही हवंहवंसं होतं.

आज जगभरच्या योजनांत दिसणारी 'निकालावर पैसे' ही कल्पना एवढ्या मोठ्या प्रमाणावर राबवण्याचा हा सुरुवातीचा प्रयोग. आपल्याकडे प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, २०१६ नंतर, प्रशिक्षण संस्थेला पैसे तीन हप्त्यांत मिळत : बॅच सुरू झाल्यावर ३० टक्के, प्रमाणपत्रानंतर ५० टक्के आणि नोकरीची खात्री पटल्यावर २० टक्के. नातं लगेच ओळखू येतं.

आउटकम आणि इम्पॅक्ट

पुस्तकाचा पाया एका फरकावर आहे. तो कळला नाही तर पुढचं सगळं वाया जाईल, म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेतो.

समजा लातूरच्या एका केंद्रात एकच जागा उरली आहे आणि दोन बायकांचे अर्ज आले आहेत. पहिली बारावी पास, टॅली येतं, दुकानात हिशेबाचं काम केलेलं. प्रशिक्षण नाही मिळालं तरी तिला महिना १०,००० रुपयांचं काम मिळेल, प्रशिक्षणानंतर ११,००० चं. दुसरीची शाळा आठवीत सुटली. प्रशिक्षणाशिवाय तिची कमाई ४,०००, प्रशिक्षणानंतर ८,०००.

केंद्राच्या रजिस्टरमध्ये काय दिसेल? पहिलीला घेतलं तर ११,००० आणि दुसरीला घेतलं तर ८,०००. म्हणजे पहिलीला घेणं फायद्याचं. हा झाला आउटकम. पण सरकारच्या पैशाने कोणाच्या आयुष्यात किती भर पडली? पहिलीच्या १,०००, दुसरीच्या ४,०००. हा झाला इम्पॅक्ट. रजिस्टर एकीला पुढे करतं, आणि पैशाचा खरा उपयोग दुसरीला घेण्यात होता.

अडचण अशी, की 'प्रशिक्षण नसतं तर' हा आकडा कुठल्याही रजिस्टरमध्ये नसतो. तो अंदाजाने काढावा लागतो, आणि तो नीट काढणं हाच या सगळ्या संशोधनशाखेचा उद्योग आहे. 'आधी किती कमवत होती, नंतर किती कमवते, ते बघा की!' असं कोणी म्हणेल. तेही पुरत नाही. ऑर्ली अॅशनफेल्टर यांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं, की प्रशिक्षणाला येणाऱ्यांची कमाई यायच्या अगदी आधी खाली घसरलेली असते. नोकरी गेली म्हणूनच तर माणूस आला! त्यातली बरीचशी घसरण आपोआपही भरून आली असती. आधी-नंतरची तुलना केली, तर ते आपोआपचं सावरणंही योजनेच्या खात्यात जमा होतं.

म्हणून जेटीपीएचं मूल्यमापन चिठ्ठ्या टाकल्यासारखं रँडम पद्धतीने करायचं ठरलं. १९८७ ते १९८९ दरम्यान १६ विभागांत सुमारे २०,००० अर्जदारांची वाटणी झाली : दोन तृतीयांश लोकांना योजनेत प्रवेश, एक तृतीयांश लोकांना दीड वर्ष बंदी. हा खजिना हाताशी असल्यामुळेच लेखकांना एक दुर्मीळ गोष्ट करता आली. एकाच योजनेतला प्रशासनाचा आकडा आणि खरा इम्पॅक्ट त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

निष्कर्ष असा, की प्रशिक्षण संपल्यावर किंवा त्यानंतर काही आठवड्यांत मोजलेली नोकरी आणि मजुरी यांवरून दीड-अडीच वर्षांतला इम्पॅक्ट ओळखता येत नाही. संबंध असलाच तर क्षीण, आणि काही ठिकाणी चक्क उलटा. म्हणजे बक्षीस वाटण्याचा आधारच डळमळीत होता.

सर्वात चांगला भाग : ३० जूनच्या आधी काय होतं

माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात भक्कम भाग कोर्टी आणि मार्श्के यांचा. त्यांनी नियमातली एक बारीक फट पकडली. जेटीपीएमध्ये माणसाची नोंद 'बाहेर पडला' अशी होईल त्या दिवशी तो कामावर आहे का, हे बघितलं जाई. पण प्रशिक्षण संपल्यावर ही नोंद करायला ९० दिवसांपर्यंत सवड होती. आणि योजनेचं वर्ष संपायचं ३० जूनला.

आता केंद्रचालकाच्या जागी बसून बघा. आकडे माझे, समजण्यापुरते. ठरलेली पातळी ६० टक्के. यंदा ४० जणांची नोंद झाली, त्यातले २६ कामावर, म्हणजे ६५ टक्के. हातात अजून सहा जण आहेत, शिकून झालेले पण बेकार. आत्ता नोंदवले तर ४६ पैकी २६, साडेछप्पन्न टक्के. बक्षीस गेलं! मग काय करायचं? त्यांना जुलैपर्यंत तसंच ठेवायचं. उलट, ५० पैकी ४० कामावर असतील तर काय? मग सहाही जण आत्ताच उरकून टाकायचे, टक्केवारी ७१ च्या वर राहते आणि पुढचं वर्ष कोरं सुरू होतं. आणि यंदा पातळी गाठणं अशक्यच असेल, तरी बेकार सगळे आत्ताच नोंदवायचे, बुडायचंच तर एकदाच.

लेखकांनी दाखवलं, की खऱ्या नोंदींत हाच साचा दिसतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा नुसता कागदी खेळ नव्हता. त्यात वेळ आणि साधनं जात होती, आणि त्याचा फटका प्रशिक्षणाच्या परिणामाला बसत होता. 'आकडेवारीत थोडं इकडंतिकडं केलं, त्यात कोणाचं काय गेलं?' या नेहमीच्या बचावाला हे ठोस उत्तर आहे.

आपल्यासाठी यात पद्धतीचा धडा आहे. त्यांनी कोणाला 'तुम्ही आकडे फिरवता का?' असं विचारलं नाही. विचारलं असतं तर 'नाही' हेच उत्तर मिळालं असतं. त्यांनी नियमपुस्तिका बारकाईने वाचली, फट शोधली, त्या फटीचा कोणी फायदा घेत असेल तर डेटात कोणती खूण उमटेल हे आधी ठरवलं आणि मग ती खूण शोधली. योजनेच्या मार्गदर्शक सूचना 'प्रस्तावना' प्रकरणात एका परिच्छेदात गुंडाळणाऱ्यांनी हे प्रकरण दोनदा वाचावं.

साय खाण्याचा आरोप

इंग्रजीत 'क्रीम स्किमिंग' म्हणतात, म्हणजे वरची साय तेवढी काढून घेणं. आकड्यांसाठी केंद्रं सहज नोकरी लागणाऱ्यांनाच घेतात आणि खऱ्या गरजूंना दारातून परत पाठवतात, हा या योजनांवरचा सर्वात जुना आरोप. पुस्तकाने तो डोळे झाकून मान्य केलेला नाही, हे मला आवडलं.

टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्टी इथल्या केंद्राच्या अभ्यासात हेकमन, स्मिथ आणि ख्रिस्तोफर टेबर यांना जवळजवळ उलटं चित्र दिसलं होतं. तिथले केसवर्कर, बक्षिसाचा दबाव असूनही, कमी संधी असलेल्यांकडे झुकत होते. समाजकार्याची वृत्ती हिशेबावर भारी पडत होती. आणि प्रवेशाच्या सगळ्या पायऱ्या सुट्या करून पाहिल्या तेव्हा कळलं, की गळती बरीच आधी होते. पात्र असणं, योजना ठाऊक असणं, अर्ज करणं, निवड होणं आणि प्रत्यक्ष दाखल होणं, अशा या पायऱ्या. अगदी कमी शिकलेल्यांचा सहभाग कमी होता, त्यात अशी काही योजना आहे हेच माहीत नसण्याचा वाटा मोठा होता. दारात कोणी अडवायच्या आधीच ते दारापर्यंत पोचलेले नव्हते.

याचा अर्थ कार्यालय निर्दोष ठरतं असं नाही. ज्यांना योजना माहीतच नाही त्यांच्यापर्यंत जाणं हेही कार्यालयाचंच काम, आणि त्या कामाला बक्षिसात गुण नव्हते. पण उपाय बदलतो. दोष दारातल्या बाईंचा असेल तर त्यांच्यावर देखरेख वाढवायची, वस्तीपर्यंत खबरच पोचली नसेल तर देखरेखीने काय होणार? आपल्याकडे 'लाभार्थी' विरुद्ध 'बिगर-लाभार्थी' असे दोन गट करून काम सुरू होतं, तेव्हा या मधल्या पायऱ्या एकाच डब्यात कोंबल्या जातात. त्या सुट्या करा. एवढं केलं तरी प्रबंधात एक खरं प्रकरण उभं राहील.

आता तक्रारी

पहिली तक्रार नमुन्याची. १६ विभाग कसे निवडले गेले? प्रयोगकर्त्यांनी २०० हून जास्त विभागांना विचारलं आणि बहुतेकांनी नकार दिला. एक तृतीयांश अर्जदारांना परत पाठवायला कोण तयार होणार? जे तयार झाले ते कदाचित वेगळेच असतील : जास्त अर्ज येणारे, आत्मविश्वास असलेले, किंवा आणखी काही. विभागाच्या आत वाटणी रँडम, पण विभागांची निवड मुळीच रँडम नाही. लेखकांना हे पुरेपूर ठाऊक आहे आणि त्यांनी ते लपवलेलंही नाही. तरी निष्कर्षांच्या प्रकरणात सूर 'या १६ ठिकाणी' वरून 'अशा व्यवस्थांमध्ये' वर सहज सरकतो, तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा.

दुसरी जास्त गंभीर आहे, आणि पुस्तकाच्या मुख्य निष्कर्षाला भिडते. आकडे आणि इम्पॅक्ट यांचा संबंध क्षीण आहे, असं ते म्हणतात. पण एकेका माणसाचा इम्पॅक्ट कधीच दिसत नाही. तो गटागटांच्या सरासरीतून काढावा लागतो. गट लहान झाले की अंदाजात गोंगाट वाढतो, आणि गोंगाट असलेल्या आकड्याशी कशाचाही संबंध क्षीणच दिसतो. तेव्हा 'संबंध नाही' आणि 'असला तरी या डेटात दिसणार नाही' यातला फरक अजून ठळक करायला हवा होता. उलट्या चिन्हाचे निकाल लेखकांच्या बाजूने बोलतात, हे खरं. पण सगळीकडे चिन्ह उलटं नाही. मी हा निष्कर्ष असा वाचतो : झटपट मोजलेला आकडा इम्पॅक्टचा प्रतिनिधी आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तो वापरणाऱ्यावर आहे, आणि ती अजून कोणी पार पाडलेली नाही. एवढंही पुरेसं आहे. त्याहून जास्त ताणू नये.

तिसरी, कंट्रोल ग्रुप रिकाम्या हाताने बसला नव्हता. बंदी फक्त जेटीपीएची होती. अनेकांनी दुसरीकडून, उदाहरणार्थ कम्युनिटी कॉलेजमधून, प्रशिक्षण घेतलं. शिवाय योजनेत प्रवेश मिळालेल्यांतले बरेच जण दाखलच झाले नाहीत. त्यामुळे तुलना 'प्रशिक्षण की शून्य' अशी न राहता 'या योजनेचं दार उघडं की बंद' अशी झाली. यावर हेकमन यांनी सहकाऱ्यांबरोबर २००० मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला आहे. या पुस्तकाच्या वाचकाला मात्र तो धागा स्वतः जोडावा लागतो.

चौथी, पुस्तक दोन पायांवर उभ्या असलेल्या प्रश्नाचा एकच पाय बघतं. शिकलेल्या माणसाला नोकरी मिळाली, पण ती दुसऱ्या कोणाची हिसकावून तर नाही? दहा रिकाम्या जागांसाठी पंधरा जण रांगेत असतील, तर प्रशिक्षणाने रांगेतला क्रम बदलेल, जागा अकराव्या होणार नाहीत. पुस्तक आलं त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१३ मध्ये, ब्रुनो क्रेपों, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांचा फ्रान्समधला प्रयोग प्रसिद्ध झाला. २३५ भागांत नोकरी शोधायची मदत वेगवेगळ्या प्रमाणात वाटून त्यांनी हेच तपासलं. मदत मिळालेल्या तरुणांना झालेला फायदा काही अंशी मदत न मिळालेल्यांच्या पदरातून आला होता. आपल्या तालुक्यातल्या एकुलत्या एक औद्योगिक वसाहतीचा विचार करा, म्हणजे हा मुद्दा परका वाटणार नाही.

शेवटची तक्रार आवाजाची. पाच संपादक, शेकडो पानं, आणि ज्या केसवर्करबद्दल एवढं लिहिलंय ती व्यक्ती क्वचितच स्वतः बोलते. हाइनरिक यांचं इलिनॉयमधल्या एका कार्यालयावरचं काम हा त्यातल्या त्यात अपवाद. एका नोकरीमागे किती खर्च हा आकडा कंत्राटदार निवडताना किती वजनदार ठरतो, ते तिथे आतून दिसतं. तेवढंच वाचल्यावर कळतं की बाकी ठिकाणी काय राहून गेलंय. कॉर्पस क्रिस्टीचे केसवर्कर आकड्यांविरुद्ध का गेले? साहेबांना त्यांनी काय सांगितलं? समीकरणात याचं नाव 'पसंती' एवढंच आहे. ही जागा मराठीत, क्षेत्रकार्य करून, समाजशास्त्राच्या किंवा लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्याने भरायला हरकत काय?

मग मोजायचंच नाही का?

असा अर्थ काढाल तर पुस्तक वाया गेलं. सेटाच्या काळात निकालाचा हिशेब द्यावाच लागत नव्हता, आणि तेही दिवस काही सोन्याचे नव्हते. लेखकांचा सल्ला साधारण असा : कुठलाही आकडा बक्षिसाला जोडला की हळूहळू खराब होतो, म्हणून तो अधूनमधून तपासा, बदला, आणि मध्ये मध्ये खऱ्या प्रयोगाशी ताडून बघा.

अमेरिकेचा पुढचा इतिहास हाच झगडा दाखवतो. एका नोकरीमागचा खर्च हा निकष जेटीपीएतूनच पुढे वगळला गेला, कारण तो स्वस्त आणि छोट्या प्रशिक्षणाकडे ढकलत होता. १९९८ च्या कायद्याने नोकरीची खात्री बेकारी विम्यासाठी मालक भरत असलेल्या पगाराच्या नोंदींवरून करायला लावली, म्हणजे केंद्राच्या फोनवर विसंबणं कमी झालं. पण त्याच कायद्याने एक चांगली गोष्ट घालवली. जेटीपीएत स्थानिक बेकारी आणि येणाऱ्या लोकांची परिस्थिती पाहून पातळी कमी-जास्त करायचं सूत्र होतं. त्याच्या जागी वाटाघाटी आल्या. २०१४ च्या कायद्याने असं सांख्यिकी सूत्र परत आणलं, आणि बाहेर पडल्यानंतरच्या दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीतली नोकरी मोजायला सुरुवात केली. मुदत लांबली, नोंद पक्की झाली. तरी मोजला जातो तो आउटकमच. लातूरच्या त्या दोघींपैकी कोण आत जाणार, हा प्रश्न तिथेच आहे.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांनी तीन गोष्टी आधी कागदावर मांडाव्यात. एक, तुमचा आकडा कोण नोंदवतं आणि त्यावर त्याचं काय अवलंबून आहे. दोन, नोंद नेमकी कोणत्या दिवशी होते आणि तो दिवस कोण ठरवतं. तीन, 'योजना नसती तर' याचं उत्तर तुम्ही कुठून आणणार. तिसऱ्याला उत्तर नसेल तर घाबरू नका. विषय बदला असंही नाही. पण मग शीर्षकात 'परिणाम' हा शब्द घालू नका. 'प्रक्रिया', 'प्रवेश', 'नोंदी' यावर लिहा, तिथे कामाला तोटा नाही.

पुस्तक हातात आलं तर कोर्टी-मार्श्के यांच्या प्रकरणापासून सुरू करा, मग साय खाण्याचं प्रकरण, आणि गणिताचं शेवटी. आणि तुमच्या अभ्यासातल्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत अशी एखादी फट सापडली, तर खाली कमेंटमध्ये नक्की लिहा. योजनेचं नाव आणि कलम सांगा, व्यक्तींची नावं नकोत.